किमान वेतनाचं कमाल वेतन झालंय साहेब

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि दिल्लीत बसून मजुरीचे आकडे ठरवणारे सगळे साहेब,

नमस्कार.

मी चाकणला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे टाइम ऑफिसला आहे. कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, उद्या परत त्याच टेबलावर बसायचंय मला. काम काय, तर मस्टर बघायचं, पंचिंग जुळवायचं, ओटीचे म्हणजे ओव्हरटाइमचे तास मांडायचे आणि महिना संपला की ३१२ जणांची पगार शीट बनवायची. बारा वर्षं हेच चाललंय. अर्थशास्त्र वगैरे आपल्याला कळत नाही, पण पगार का वाढत नाही ते मला दर महिन्याला एक्सेलच्या कॉलममध्ये दिसतं आणि तुम्हाला ते तिथून दिसत नसावं असं वाटलं म्हणून रात्री जेवण झाल्यावर हे टाइप करत बसलोय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

वर्षातून दोनदा, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असे विशेष भत्त्याचे दर तुमच्या खात्याकडून येतात. महागाईचा निर्देशांक जेवढा सरकला तेवढा भत्ता सरकतो, मूळ वेतन जिथल्या तिथं. मागं एकदा भत्ता दोनशे चाळीस रुपयांनी वाढला. मी शीटमध्ये नवीन आकडा टाकला, ग्रॉस दोनशे चाळीसने वर गेलं, फॉर्म्युला ३१२ ओळी खाली ओढला आणि शेठना दाखवायला घेऊन गेलो. शेठनी बघितलं आणि म्हणाले, ग्रॉस तेवढंच ठेव, हजेरी भत्त्यातून काढ. हजेरी भत्ता म्हणजे महिनाभर एकही खाडा केला नाही तर आमच्याकडे मिळणारे पाचशे रुपये. ते किमान वेतनात धरत नाहीत, त्यामुळे ते कमी केले तरी किमान वेतन मोडलं असं कुणाला म्हणता येत नाही. पाचशेचे दोनशे साठ झाले. भत्ता वाढला, पगार तेवढाच राहिला, आणि ते सगळं मी माझ्या हाताने केलं.

सात तारखेला स्लिपा वाटल्या तेव्हा हिंगोलीकडचा एक पोरगा आला, आयटीआय फिटर, तीन वर्षं झाली आमच्याकडे. म्हणाला, काका यूट्यूबवर बघितलं भत्ता वाढलाय म्हणून, मग माझा पगार तेवढाच कसा? मी त्याला स्लिप दाखवली, हे बघ वाढलाय, हा कॉलम बघ. तो म्हणाला, हो पण खालचा आकडा तोच आहे ना. आता खालचा आकडा तोच होता त्याला मी काय करणार. चहा पाजला त्याला.

शेठचंही सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूने बोलतोय. कंपनी त्यांना माणशी रेट देते आणि तो रेट वाढवून मागितला की दुसरी चार कोटेशनं टेबलावर येतात, ज्याचा सर्व्हिस चार्ज अर्ध्या टक्क्याने कमी त्याला काम. आणि आमची कंपनी ज्यांना पार्ट पुरवते ती वरची मोठी कंपनी दर वर्षी पार्टच्या किमतीत कट मागते. स्टीलचा भाव मोठ्या कंपनीला बांधून घेता येत नाही, विजेचा येत नाही, डिझेलचा येत नाही, मग साखळीच्या शेवटी ज्याचा भाव दाबता येतो तो कोण, तर हा हिंगोलीचा पोरगा. आणि तो किती दाबायचा याची खालची रेघ तुम्ही मारून देता. त्या रेघेला तुम्ही किमान वेतन म्हणता. आमच्या धंद्यात तिलाच रेट म्हणतात. किमान म्हणजे कमीत कमी इतकं तरी द्या, असं शाळेत शिकलो होतो, इथं किमान हेच कमाल झालंय. कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरला विचारा पोरांना काय देता, तो म्हणेल "मिनिमम वेजेस प्रमाणे", आणि असं अभिमानाने सांगेल की जणू काही उपकारच.

म्हणून म्हणतो, ती रेघ तुम्ही कुठे मारता आणि कधी हलवता यावरच लाखो घरांची चूल आहे. बाजार ठरवतो, मागणी पुरवठा वगैरे टीव्हीवर ऐकतो मी, पण आमच्या पट्ट्यात बाजार सरळ तुमच्या परिपत्रकाकडे बघून रेट ठरवतो.

आता ही रेघ हलते कशी ते बघा. १९४८ चा किमान वेतन कायदा म्हणत होता की दर पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार करा. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचे दर आपल्या राज्यात २०१० नंतर थेट २०१९ च्या जुलैमध्ये सुधारले. पाचाचे नऊ झाले. मधल्या काळात फक्त विशेष भत्ता, म्हणजे महागाईच्या मागे मागे पळायचं, पुढे एक पाऊल नाही. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन चार लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या वेतन संहितेत पाच वर्षांच्या वाक्यात एक शब्द घातलाय, "साधारणपणे" पाच वर्षांच्या आत. आम्हाला वीजबिल साधारणपणे भरता येत नाही साहेब, तारीख गेली की दंड असतो.

दिल्लीचं तर विचारूच नका. राष्ट्रीय पातळीवरचं किमान वेतन, ज्याला फ्लोअर वेज म्हणतात, ते २०१७ ला रोजचं १७६ रुपये होतं. केंद्राने स्वतःच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने हिशोब मांडून सांगितलं की २०१८ च्या भावाने ३७५ रुपये रोज, म्हणजे महिन्याला ९,७५० हवेत, शहरात घरभाड्याचे १,४३० वेगळे. त्यावर जुलै २०१९ मध्ये वाढ जाहीर झाली ती दोन रुपयांची. १७६ चे १७८. मी तेव्हा बातमी वाचली आणि वाटलं टायपिंग मिस्टेक आहे, वीसचे दोन छापलेत. आता नवीन संहितेत या फ्लोअर वेजला कायद्याची ताकद दिलीय, राज्यांना त्याच्या खाली जाता येणार नाही, चांगलंच आहे, पण तळ कुठे धरणार यावर सगळं आहे. १७८ सारखा आकडा धरलात तर सव्वीस दिवसांचे ४,६२८ होतात, त्या तळाला लागायला विहिरीतच उतरावं लागेल.

किमान वेतन मोजायचं सूत्र १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचं आहे हे मला एका जुन्या युनियनवाल्या काकांनी सांगितलं. माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, आणि कुटुंब म्हणजे तीन युनिट. नवरा एक, बायको पॉइंट आठ, दोन पोरं पॉइंट सहा पॉइंट सहा. हे मी घरी सांगितलं तर बायको भांडी घासता घासता म्हणाली, पॉइंट आठ? मग राहिलेलं पॉइंट दोन कोण खातं ते विचार त्यांना. १९९१ ला सुप्रीम कोर्टाने रेप्टाकोस ब्रेटच्या केसमध्ये सांगितलं की पोरांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यासाठी आणखी पंचवीस टक्के धरा. कंपनी आपल्या वरळीची, केस मात्र तिच्या मद्रासच्या कारखान्यातल्या कामगारांची. पण संहितेच्या नियमांचा जो मसुदा २०२० ला काढला त्यात घरभाडं किती धरलंय, तर जेवण आणि कपड्याच्या खर्चाच्या दहा टक्के. चाकणला येऊन रूम बघा एकदा. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, संडास बाहेर चौघांत एक, पाणी एक दिवसाआड, साडेचार हजार आणि लाइटबिल वेगळं. चार पोरं मिळून राहतात म्हणून जमतं. लग्न झालेल्याने काय करायचं?

घरभाड्यावरून आठवलं. आपल्या राज्याचा एक कायदा आहे, १९८३ चा, कामगारांना किमान घरभाडे भत्ता देण्याचा. त्यात काय लिहिलंय, वेतनाच्या पाच टक्के किंवा वीस रुपये, जे जास्त असेल ते. वीस रुपये! हा कॉलम माझ्या शीटमध्ये आहे. ज्याचं बेसिक आणि विशेष भत्ता मिळून चौदा हजार होतं त्याला घरभाडे भत्ता सातशे रुपये येतो. भाडं साडेचार हजार, भत्ता सातशे. या कायद्यातला तो वीसचा आकडा त्रेचाळीस वर्षांचा होत आला, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

आणि आता माझी सगळ्यात दुखरी जागा, पीटी. प्रोफेशन टॅक्स. हा तर पूर्ण तुमच्या राज्याच्या हातातला विषय, दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला की दोनशे रुपये, आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. घटनेत कमाल मर्यादाच अडीच हजारांची आहे, १९८८ पासून, म्हणून बारा महिन्यांत बसवायला फेब्रुवारीत शंभर जास्त. दर फेब्रुवारीचा पगार झाला की माझ्या टेबलापुढे रांग लागते, काका शंभर रुपये कशाचे कापले? दर वर्षी तेच उत्तर.

आता गंमत बघा. २०१९ ला दुकानं आस्थापनांचा परिमंडळ एकमधला, म्हणजे मोठ्या शहरांच्या भागातला, अकुशल कामगाराचा मूळ दर ठरला १०,०२१ रुपये. आणि पूर्ण पीटीची रेघ आहे दहा हजार. म्हणजे सरकारच्या एका हाताने ठरवलं की यापेक्षा कमी दिलं तर माणूस जगू शकत नाही आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाला पूर्ण टॅक्सच्या रेघेच्या एकवीस रुपये वर नेऊन बसवलं, तेही विशेष भत्ता धरायच्या आधी. झाडू मारणारा मामा वर्षाला अडीच हजार भरतो आणि हिंजवडीत महिना तीन लाख घेणाराही अडीच हजारच भरतो. एप्रिल २०२३ पासून बायकांना पंचवीस हजार पगारापर्यंत पीटी माफ केलात, चांगलं केलंत, मनापासून सांगतो, आमच्या पॅकिंगच्या बायकांच्या स्लिपमध्ये तो फरक दिसला आणि दोघी तिघींनी मला पेढे दिले जसं काही मीच कायदा केला. मग तीच रेघ पुरुषांना लावायला काय अडचण आहे? महिना दोनशे रुपये म्हणजे काय ते विधानभवनात कळणार नाही, इथं ती दोन दिवसांची भाजी आणि एक दिवसाचं दूध आहे.

पीएफची तीच कथा. पीएफ ज्या पगारापर्यंत कापायचं बंधन आहे ती वेतनमर्यादा १५ हजार, १ सप्टेंबर २०१४ ला ठरली, त्याच्या आधी २००१ पासून साडेसहा हजार होती. २०१४ च्या पंधरा हजारांना नुसती महागाई लावली तरी माझ्या हिशोबाने आज चोवीस पंचवीस हजार व्हायला पाहिजेत. पण मर्यादा पंधराच म्हणून मालकाने १,८०० भरले की कायद्याने त्याचं काम संपलं. त्याच दिवशी ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन हजार रुपये ठरली, ती पण तिथंच आहे. माझे वडील भोसरीत एका कंपनीत टर्नर होते, आयुष्य लेथवर गेलं, पेन्शन १,६४० रुपये येते. बीपीच्या गोळ्या आणि डोळ्याचे ड्रॉप एवढ्यात ती संपते. बोनस बघायचा तर २०१५ च्या दुरुस्तीत सात हजार किंवा किमान वेतन यात जे जास्त त्यावर ८.३३ टक्के, ती एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी केली होती कारण तो आकडा किमान वेतनाला बांधला, म्हणजे आपोआप सरकतो. बांधता येतो हे त्यातून सिद्ध होतं ना?

खासदारांचा पगार बांधलाच आहे. २०१८ च्या वित्त कायद्यात तरतूद केली, दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढ. एक लाखाचे एक लाख चोवीस हजार झाले, मार्च २०२५ ला अधिसूचना निघाली आणि एप्रिल २०२३ पासून लागू, म्हणजे मागचा फरक पण मिळाला. यात वाईट काही नाही, खासदाराला पण घर आहे. सरकारी नोकरदारांवरही माझा राग नाही, माझी सख्खी बहीण झेडपीच्या शाळेवर आहे, तिचा डीए वर्षातून दोनदा वाढतो, सातवा वेतन आयोग राज्यात २०१९ ला लागू झाला तो २०१६ पासूनच्या फरकासकट, आणि आता केंद्राच्या आठव्या आयोगाच्या गप्पा शिक्षकांच्या खोलीत रंगतात. भाऊबीजेला ती मला विचारते दादा तुमच्याकडे आयोग नसतो का रे. आमच्याकडे शेठ असतात म्हटलं.

म्हणजे आकडे आपोआप वाढवायची युक्ती तुम्हाला येते. जिथं वापरायची तिथं वापरता. कामगाराच्या बाबतीत मात्र आकडा एकदा ठरवायचा आणि विसरून जायचं, मग महागाई तुमचं काम करते. पगार कमी केला असं कुणी म्हणायला नको, मोर्चा निघायला नको, दर वर्षी थोडा थोडा आपोआप झिजतो. साबणासारखा.

आता तुम्ही म्हणाल हा चाकणचा कारकून बडबडतोय. तर केंद्राचाच २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवाल बघा. पगारदार पुरुषाचं महिन्याचं खरं उत्पन्न, महागाई वजा जाता, २०१७-१८ ला १२,६६५ होतं ते २०२३-२४ ला ११,८५८ झालं. बायकांचं १०,११६ वरून ८,८५५. आणि त्याच अहवालात लिहिलंय की कंपन्यांचा नफा २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांतला सगळ्यात जास्त, एका वर्षात २२.३ टक्के वाढ, माणसं मात्र दीड टक्का वाढली. हे विरोधी पक्षाने लिहिलेलं नाही. सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा मूळ टॅक्स तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला, सरकारनेच सांगितलं की वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार कोटी सोडावे लागतील, म्हणाले त्यातून गुंतवणूक येईल, रोजगार येईल, पगार वाढतील. आमच्या शॉपमध्ये त्यानंतर तीन रोबोट आले, वेल्डिंगचे. चांगले आहेत, जेवायला जात नाहीत.

बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही हे ऐकून आमच्या ऑफिसात पण टाळ्या पडल्या होत्या. मी सहज शीट चाळली. बारा लाख सोडा, चार लाख वर्षाला कमावणारा एक सुपरवायझर निघाला. बाकीच्यांना काय मिळालं त्या बजेटमधून? ही पोरं टॅक्स भरत नाहीत असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं माझं, मोबाईल रिचार्जवर भरतात, साबणावर भरतात, चपलेवर भरतात, पीटी तर सांगितलाच.

मग घरं चालतात कशी? हे मी जवळून बघतो म्हणून सांगतो. तास विकून चालतात. त्या हिंगोलीच्या पोराच्या हातात एका महिन्यात अठरा हजार पण येतात, पण त्यात ओटी किती, ८० तास. रोज बारा तास उभा, वर आठवड्याच्या सुट्टीचा एक दिवस. कायद्याने ओटी दुप्पट दराने, अनेक ठिकाणी सिंगलने देतात आणि कागदावर वेगळं नाव घालतात, हे तुमच्या इन्स्पेक्टरांना माहीत नाही असं मला कुणी सांगू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली आणि तिमाहीच्या ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४ केली. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. साहेब, आमच्याकडे जॉइनिंगच्या दिवशी पोरगा सतरा कागदांवर सही करतो, वाचत एकही नाही, वाचत बसला तर मागचा पोरगा पुढे येतो. अठरावा कागद लावायला मला कितीसा वेळ लागणार. उद्या कुणीतरी सर्व्हेला येईल आणि लिहून नेईल की या कुटुंबाचं उत्पन्न वाढलं. तासाचा भाव तोच आहे, तास वाढले.

दुसरं, घरातली माणसं वाढवून चालतात. माझा पगार २०१३ ला साडेअकरा हजार होता, आज तेवीस आहे. दुप्पट झाला असं वाटतं ना? तेव्हा खोलीचं भाडं साडेतीन हजार होतं, आता साडेआठ. तेव्हा एकट्याच्या पगारात महिना निघायचा, वीस तारखेनंतर थोडी ओढाताण, बस. आता बायको दिवसभर ब्लाऊज शिवते, फॉल पिको करते, लग्नसराईत रात्री एक एक वाजेपर्यंत मशीन चालू असतं, तरी वीसची तारीख सरकून पंधरावर आलीय. किराणावाल्याकडे वही आहे, भिशी आहे, आणि एक ॲपचं लोन आहे जे बायकोला अजून माहीत नाही (हे पत्र ती वाचणार नाही अशी आशा आहे).

आणि तिसरं, लाडकी बहीण. मी टीका करणाऱ्यातला नाही. माझ्या शेजारणीला जुलै २०२४ पासूनचे दीड हजार महिना येतात आणि त्या पैशांतून तिने पोराची ट्युशन लावली हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण जरा उलटं करून बघा. तिचा नवरा आमच्याच शीटवर आहे. त्याला कंपनीने दीड हजार जास्त द्यायला पाहिजे होते, ते दिले नाहीत, ते सरकारने तिजोरीतून दिले. म्हणजे ही मदत शेजारणीला झाली की कंपनीला? आणि तिजोरीत पैसा कुठून आला, तर आमच्या साबणावरच्या जीएसटीतून आणि मामाच्या पीटीतून. पगार हा हक्काने मागता येतो साहेब, खात्यावर येणाऱ्या पैशाची वाट बघावी लागते, ई-केवायसी करावी लागते, नाव यादीतून कटलं की का कटलं हे विचारायला रांगेत उभं राहावं लागतं.

शिकाऊ पोरांचं तर वेगळंच पत्र लिहावं लागेल. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा, आणि ते पण सरकारच देणार. त्याच्या आधी नीम ट्रेनी (केंद्राच्या योजनेतले शिकाऊ) होते, त्याच्या आधी अजून काही. नाव बदलतं, मशीन तेच, प्रोडक्शन टार्गेट तेच. माझ्या वडिलांच्या कंपनीत दर तीन वर्षांनी युनियनचा करार व्हायचा, करार झाला की गल्लीत पेढे वाटायचे आणि कुणी स्कूटर बुक करायचं. तेव्हा सगळं सोनं होतं असं नाही, ८२ च्या गिरणी संपानंतर काय झालं ते वडीलच सांगतात, पण समोरासमोर बसून आकडा मागायची एक जागा होती. आज देशातल्या कारखान्यांत दहातले चार कामगार कंत्राटी आहेत, त्यांनी करार कुणाशी करायचा? कंपनी म्हणते तू आमचा नाहीस, शेठ म्हणतात रेट कंपनी देते. आणि नवीन संहितेत कंत्राटी कामगारांची कलमं ५० किंवा जास्त माणसं असली तरच लागू. माझं भाकीत लिहून ठेवा, आता एका शेठच्या सहा फर्म निघतील, प्रत्येकीत ४९ माणसं, आणि त्या सहाही शीट मीच बनवणार.

मागणं फार नाही. पीटीची पुरुषांची रेघ पंचवीस हजारांवर न्या, हे एका अधिवेशनात होतं, बायकांच्या वेळी झालंच. १९८३ च्या घरभाडे कायद्यातले पाच टक्के आणि ते वीस रुपये काढून आजच्या भाड्याचा आकडा घाला, निदान औद्योगिक पट्ट्यांपुरता. किमान वेतनाच्या मूळ दराला खासदारांच्या पगारासारखं कलम लावा, पाच वर्षं झाली की समिती बसो न बसो आकडा आपोआप बदलेल आणि उशीर झाला तर मागचा फरक मिळेल. आणि विशेष भत्ता वाढला की त्या महिन्यात दुसरा कुठलाही भत्ता कमी करता येणार नाही अशी एक ओळ परिपत्रकाच्या शेवटी टाका. एकच ओळ. शेठना दाखवायला मला ती लागेल, मी स्वतःहून नाही म्हणू शकत नाही ना. दिल्लीच्या साहेबांना एवढंच, फ्लोअर वेजचा आकडा काढताना सत्पथी समितीचा रिपोर्ट कपाटातून काढा, धूळ झटका, आणि २०१८ नंतरची महागाई लावा, कॅल्क्युलेटर नसेल तर मी करून देतो.

नाव लिहीत नाही त्याबद्दल माफी. हे वाचून कुणाला खरंच उत्तर द्यावंसं वाटलं तर सात तारखेच्या आत द्या, सात ला पगार करायचा असतो आणि शीट सहा तारखेला रात्री लॉक होते.

आपला,
टाइम ऑफिस, चाकण